ऑर्डर येईपर्यंतचा संसार

बुलढाणा जिल्ह्यातल्या फौजी घरांबद्दल आपण बहुधा दोनच वेळा बोलतो. एकदा भरती निघते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते तेव्हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात सीआरपीएफचे मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. त्या दिवसांत जिल्हा हळहळला. पण भरती आणि ती पेटी यांच्या मधे बहुतेकांच्या वाट्याला पंधरा, वीस, चोवीस वर्षांची नोकरी येते. त्या वर्षांत घर कसं चालतं, मुलं कुठे शिकतात, शेतीचे निर्णय कोण घेतं, हे कोणी विचारत नाही. हा आढावा त्या मधल्या वर्षांचा आहे.

पुढची बदली कुठे, कधी आणि किती काळासाठी होणार हे ठाऊक नसताना लग्न, बाळंतपण, शाळा, घरबांधणी, आईवडिलांची दुखणी यांची आखणी करायची कशी? यावर जे उपाय आहेत, ते सैन्यात आहेत, सरकारी नियमांत आहेत आणि लोकांनी अनुभवातून शोधलेलेही आहेत. ते सगळे एकत्र पाहिल्यावर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. तारीख कळणं घराच्या हातात नाही, पुष्कळदा युनिटच्याही हातात नाही. पण घराची जी ओढाताण होते, तिचा मोठा भाग तारखेमुळे होतच नाही. दाखला अडतो, सातबाऱ्यावरची नोंद अडते, बँकेतली सही अडते, आणि घरात जी बाई प्रत्यक्ष सगळं सांभाळते तिच्या हाती अधिकार नसतो, म्हणून ती होते. हे बदलता येतं, आणि त्यासाठी कुठल्याही मुख्यालयाच्या परवानगीची गरज नाही.

आधी, बदलीची ऑर्डर इतकी बेभरवशाची का असते ते पाहू. जवानाची जागा दोन तऱ्हांनी बदलते. एक तर त्याची अख्खी बटालियन किंवा रेजिमेंट हलते, फील्डमधून, म्हणजे सीमेवरच्या किंवा खडतर भागातून, पीसला, म्हणजे शांततेच्या छावणीत, किंवा पीसमधून फील्डला. नाहीतर तो एकटा बाहेर जातो: राष्ट्रीय रायफल्समध्ये, ट्रेनिंग सेंटरला, एखाद्या मुख्यालयात किंवा एनसीसीत. खामगावच्या एनसीसी बटालियनसारखी पोस्टिंग मिळाली तर घरच्यांना दिवाळीच, पण ती सगळ्यांना कशी मिळणार? युनिटचा मूव्ह साधारण दोन-तीन वर्षांनी येतो हे सगळे धरून चालतात. नेमका महिना मात्र अनेक गोष्टींवर लटकलेला असतो. जागा घेणारं दुसरं युनिट वेळेवर यावं लागतं, सामान आणि माणसं नेणारी स्पेशल गाडी मिळावी लागते, लडाखकडे जायचं असेल तर जोझिला उघडा असावा लागतो. शिवाय सगळे एकदम हलत नाहीत. आधी ॲडव्हान्स पार्टी जाते, शेवटी रिअर पार्टी. ॲडव्हान्स पार्टीत नाव आलं तर घराच्या हिशेबातले कित्येक आठवडे एका दिवसात उडतात. आणि युनिट कुठे, कधी हलणार हे गुपित ठेवण्याला कारण आहे, ते घरच्यांनाही मान्य असतं.

त्यावर पुन्हा इतिहासाचे धक्के असतात. १९९९ चं कारगिल झालं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि सैन्य ऑक्टोबर २००२ पर्यंत सीमेवर ठाण मांडून होतं. जून २०२० च्या गलवाननंतर लडाखमध्ये मोठी कुमक गेली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तो ऐन लग्नसराईचा काळ होता. सुट्ट्या रद्द झाल्या आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यातला एक जवान लग्नानंतर तिसऱ्या दिवशी हळदीच्या अंगाने निघाला. त्याची बातमी झाली. पण त्याच आठवड्यात किती घरांत साखरपुडे पुढे ढकलले गेले, किती ठिकाणी मंगल कार्यालयाचा विसार बुडाला, याची नोंद कुठेच नाही.

वऱ्हाडाला अनिश्चितता नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत सांगितलं जातं. त्यात देशाच्या संरक्षणाचंही भाकीत असतं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. पण कोरडवाहू शेतकरी भाकितावर विसंबून बसत नाही. पाऊस कधी येईल हे माहीत नसलं तरी तो बियाणं आणून ठेवतो, वखरणी करून ठेवतो, दुबार पेरणीची तजवीज मनात धरतो. फौजी घराने करायची आखणी याच जातीची आहे. तारखेचा अंदाज बांधण्यात शक्ती घालवू नये, तारीख कुठलीही निघाली तरी चालेल अशी तयारी हवी.

मोठा निर्णय असतो तो कुटुंबाने राहायचं कुठे याचा. बुलढाण्यात त्याची तीन उत्तरं दिसतात.

पहिलं, जुनं उत्तर म्हणजे गावातच, सासू-सासऱ्यांजवळ. जवान वर्षाची साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची कॅज्युअल तुकड्या-तुकड्यांनी घेऊन येतो. एक खेप पेरणीला, एक सोयाबीनच्या सोंगणीला किंवा दिवाळीला, एक कोणाच्या तरी लग्नाला. कागदावर हे नव्वद दिवस होतात. पण ईशान्येकडून किंवा काश्मीरमधून घरी पोचणं ही वेगळीच मजल असते. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं मुंबई-हावडा मार्गावर आहेत, खामगाव जलंबच्या फाट्यावर आहे. जम्मूकडून येणारा जवान झेलम एक्स्प्रेसने भुसावळला उतरतो, तिथून मिळेल त्या गाडीने मलकापूर, मग एसटीने घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, मेहकर, लोणार. लोणारच्या खालच्या अंगाच्या गावात तो पोचेपर्यंत आणखी अर्धा दिवस जातो. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. ती व्यापारासाठी, शेगावच्या भाविकांसाठी मांडली जाते. माझ्या मते ती फौजींच्या सुट्टीसाठीही मांडायला हवी.

दुसरं उत्तर म्हणजे फॅमिली नेणं. पीस स्टेशनला क्वार्टर मिळालं की बायको-मुलं तिकडे जातात. सागर, बेळगाव, नाशिक रोड, अहिल्यानगर, कामठी, अंबाला, जोधपूर. लोखंडी काळ्या पेट्या निघतात. त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं असतं, आणि आधीच्या युनिटचं नाव खरवडून त्यावर नवं घातलेलं असतं. गॅसची शेगडी, मिक्सर, मुलांची दप्तरं, देव्हारा आणि घरच्या डाळीची पिशवी एवढं त्यांत बसतं. कूलर आणि पलंग दर वेळी कोणाला तरी विकला जातो. क्वार्टर मात्र रँक, यादी आणि उपलब्धता पाहून मिळतं. ही टंचाई कमी करण्यासाठी २००२ मध्ये विवाहित निवासांचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यातून खूप घरं बांधली गेली. तरीही साध्या शिपायाला यादीत थांबावंच लागतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे नेमकं नवीन लग्न झालेलं असताना, नंबर सर्वांत मागे असतो. ही गोष्ट मला खटकते. ज्या वयात दोघांनी एकमेकांना ओळखायचं, त्याच वयात घर मिळत नाही.

पीस संपून फील्ड लागलं की प्रश्न पुन्हा उभा राहतो. अशा कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर वेगळी घरं राखलेली असतात. सगळे त्यांना एसएफ क्वार्टर म्हणतात. नवरा सियाचीन किंवा अरुणाचलमध्ये आणि बायको-मुलं नाशिकला किंवा सागरला अशी ती सोय. शाळा मध्येच तुटत नाही, मिलिटरी हॉस्पिटल जवळ असतं, कॅन्टीन असतं, शेजारीणही त्याच अवस्थेतली असते. तरीही गावाकडून याला विरोध होतो. नवरा नाही तर सून परमुलखात एकटी कशाला, हा प्रश्न आजही सोप्यात बसून विचारला जातो. ज्या बायका एसएफमध्ये राहून आल्या त्यांना विचारलं तर बहुतेकींचं म्हणणं उलटंच निघतं. गॅस, बँक, दवाखाना, शाळेची पालकसभा हे सगळं त्या तिथे स्वतः करायला शिकल्या. शिवाय आसपास पंचवीस घरं तशीच, त्यामुळे कोणी कोणाची कीव करत नाही.

तिसरं उत्तर गेल्या काही वर्षांत फार वाढलेलं आहे, आणि कोणत्याही सरकारी नियमात त्याचा उल्लेख नाही. गाव नाही, क्वार्टरही नाही. तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या दोन खोल्या. बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूरमध्ये शाळा आणि क्लासच्या आसपासच्या वस्त्यांत अशी घरं ओळखू येतात. आई, दोन मुलं, कधी सोबतीला आजी. जवान सुट्टीवर इथेच येतो आणि अधूनमधून गावाकडे शेतावर चक्कर मारतो. पुढे त्याच वस्तीत प्लॉट घेतला जातो आणि निवृत्तीच्या आधीच दुमजली घर उभं राहतं. आखणी म्हणून हे उत्तर मला सर्वांत टिकाऊ वाटतं, कारण मुलांची शाळा नवऱ्याच्या बदलीपासून पूर्ण सुटी होते. पण त्याची किंमत मोठी आहे. बाप मुलांना वर्षातून तीन खेपांना दिसणारा पाहुणा होतो. मोठा मुलगा चौदाचा झाला की त्याला कोण आवरणार, हा विषय तिथल्या बायकांच्या गप्पांत पुन्हा पुन्हा येतो. आणि फील्डमधून पीसला आलेल्या नवऱ्याला, आता तुम्ही इकडे या, असं म्हणता येत नाही, कारण मुलीची दहावी असते.

शाळेच्या बाबतीत नियम वाटतात त्यापेक्षा चांगले आहेत, अंमलबजावणी वाईट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आठवीपर्यंत हे लागू आहे. तरीही ऑनलाइन नोंदीतून नाव सुटलेलं नाही, आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही, अशा कारणांनी मूल आठवडेच्या आठवडे घरी बसलेलं दिसतं. केंद्रीय विद्यालयांच्या प्रवेशात बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आणि सैनिकांना पहिला प्राधान्यक्रम आहे. गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या ते पाहून क्रम लागतो. म्हणजे बदल्यांचा त्रास तिथे निदान मोजला तरी जातो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या आर्मी पब्लिक स्कूल देशभर आहेत, पण त्या छावण्यांच्या गावी. बुलढाण्यात राहणाऱ्या मुलासाठी जवळचे काही पर्याय म्हणजे शेगावचं नवोदय, झेडपीची शाळा, खासगी संस्था, किंवा सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं. दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. वसतिगृहात ठेवलं तर वेगळं अनुदान असतं, १ जानेवारी २०२४ पासून ते महिन्याला ८,४३७ रुपये ५० पैसे झालं आहे. गावाकडच्या कित्येक घरांना हे अनुदान आहे हेच उशिरा कळतं.

भाषेचं दुखणं वेगळंच आहे. पहिली ते चौथी जोधपूर आणि भटिंड्यात काढलेलं पोर पाचवीला मेहकरला येतं. हिंदी फडाफडा बोलतं, इंग्रजी वाचतं, मराठी समजतं पण लिहिता येत नाही. जोडाक्षरांपाशी अडतं, आणि आजीच्या वऱ्हाडी बोलीतले अर्धे शब्द त्याला परके वाटतात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण या पोरांसाठी तीन-चार महिन्यांचा जोडवर्ग असावा हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. घरच्यांनी तोवर एवढं करावं: क्वार्टरमध्ये असतानाही रोज अर्धा तास मराठी वाचन, आणि आजोबांना आठवड्याला एक हाताने लिहिलेलं पत्र. यात मुलाचं मराठी टिकतं आणि आजोबांचा आठवडाही जातो.

दहावी-बारावीचा टप्पा सर्वांत नाजूक. परराज्यातून दहावी झालेल्या मुलाला महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला यायचं असेल तर अधिवास, जातीचा दाखला आणि पडताळणी यांची फाइल लागते. सीईटी सेलच्या प्रवेशात सैनिकांच्या पाल्यांसाठी वेगळ्या जागा आहेत. माजी सैनिक, महाराष्ट्राचे रहिवासी असलेले सेवेतले सैनिक आणि बदलीवर महाराष्ट्रात आलेले सैनिक अशी तीन गटांत ती विभागणी आहे. हक्क आहे, पण कागद हवेत. पणजोबांच्या शाळेचा उतारा काढायला जवानाची सुट्टी पुरत नाही. हे काम मूल आठवीत असतानाच सुरू करावं.

कागद हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची चाल अजून आहे. माहेरची सुनीता सासरी वैष्णवी होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि नवऱ्याने युनिटमध्ये लग्नाची नोंद केली, म्हणजे ज्याला सगळे पार्ट टू ऑर्डर म्हणतात ती निघाली, तेव्हा क्लार्कच्या कानाला जे ऐकू आलं ते चौथं. जन्मतारखेचंही तसंच. मुलाच्या जन्माची ऑर्डर निघते तेव्हा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आईचं नाव एक आणि फौजेच्या नोंदीत दुसरं. नवरा सेवेत असेपर्यंत याने फार अडत नाही. क्वार्टरच्या अर्जाला, डिपेंडंट कार्डाला, मुलाच्या प्रवेशाला एकेक ठेच लागते, प्रतिज्ञापत्रावर निभावतं. पण निवृत्तिवेतनाच्या वेळी, किंवा त्याहून वाईट प्रसंगी, हाच फरक आभाळाएवढा होतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वीरपत्नींना आणि निवृत्त फौजींच्या विधवांना नावातल्या एका अक्षरासाठी तहसील आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये हेलपाटे घालताना पाहिलं की जीव तुटतो. लग्नात नाव बदलूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फौजीच्या घरात तर अजिबात नको. बदललंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडे एकच करून घ्यावं, आणि हे काम लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत उरकावं.

त्याच सुट्टीत आणखी काही करावं. पगाराच्या खात्यासोबत एक संयुक्त खातं, जे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल. विमा आणि इतर नॉमिनेशनची प्रत बायकोकडे. शेती, प्लॉट, कर्ज यांसाठी मर्यादित स्वरूपाचं मुखत्यारपत्र, कोणत्या कामासाठी ते नीट लिहून. युनिटचा पत्ता, नवऱ्याचा नंबर, कंपनी आणि ॲडज्युटंटच्या कार्यालयाचा फोन एका वहीत, फक्त मोबाइलमध्ये नाही. हे सगळं साधं आहे. तरीही बऱ्याच घरांत एटीएम कार्ड धाकट्या दिराकडे, पासबुक सासऱ्यांकडे आणि जबाबदारी सुनेकडे असते. मूल तापाने फणफणलं तर खर्चाला विचारायचं कोणाला, हे तिला पहिल्यांदा पाहावं लागतं. नवऱ्याचा फोन लागत नाही, कारण तो वरच्या पोस्टवर असतो. अशा घरात ऑर्डर कधीही आली तरी गोंधळच होणार.

याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, एका लष्करी घरात जिजाऊ जन्मल्या आणि दुसऱ्या लष्करी घरात गेल्या. पती शहाजीराजांची कारकीर्द निजामशाही, मोगल, आदिलशाही अशी फिरत राहिली. १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला तेव्हा जिजाऊ शिवनेरीवर होत्या आणि शहाजीराजे मोहिमेच्या धामधुमीत. १६३६ नंतर ते कर्नाटकात गेले, बेंगळुरूला स्थिरावले, आणि जिजाऊ मुलासह पुण्याच्या जहागिरीत आल्या. आपण याकडे मातृत्वाची गाथा म्हणून पाहतो. मला त्यात कारभाराची गोष्ट जास्त मोलाची वाटते. नवरा शेकडो कोस दूर होता, निरोप पोचायला आठवडे लागत, आणि तरी उजाड झालेलं पुणं वसलं, जमिनी लागवडीला आल्या, तंट्यांचे निवाडे झाले. कारण हुकूम द्यायचा अधिकार तिथे बसलेल्या बाईकडे होता. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो लोक जमतात. त्यांतल्या फौजी घरांनी परत जाऊन सुनेच्या हाती पासबुक दिलं, तर ती जयंती साजरी झाली असं मी म्हणेन.

शेतीचे वाद हा पुढचा मोठा भाग. बांध कोरणं, वाटणीचा दावा, वहिवाटीचा रस्ता अडवणं. मालक सीमेवर आहे हे पाहूनच पुष्कळदा हे केलं जातं. यावर १९२५ सालचा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आजही लागू आहे. सैनिक विशेष परिस्थितीत, सीमेवर किंवा युद्धजन्य भागात सेवेत असेल, तर त्याच्या पाठीमागे दिवाणी दावा एकतर्फी निकाली काढता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी न्यायालयाला तसं कळवायचं असतं आणि सुनावणी थांबते. तालुक्याच्या कोर्टात वकिलांनाही त्याची आठवण करून द्यावी लागते. कमांडिंग ऑफिसरकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, ते तहसीलदारांकडे येतं, आणि बुलढाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाठपुरावा करतं, ही दुसरी वाट. २६ जुलै २०२५ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदत मिळावी हा तिचा हेतू आहे. ती तालुक्यापर्यंत उतरली तर बांधाचे निम्मे तंटे कोर्टात न जाता मिटतील.

नोकरी करणाऱ्या बायकांची अडचण निराळी. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका असतील तर २०१७ च्या बदली धोरणापासून सैनिक आणि अर्धसैनिक जवानांच्या पत्नींना विशेष संवर्गात स्थान आहे. शाळा गावाजवळची मागता येते. पण नवऱ्याच्या स्टेशनला जायचं तर बिनपगारी रजा किंवा राजीनामा. अंगणवाडी सेविकेला तर स्थानिक रहिवासी असण्याची अटच आहे, तिला हलताच येत नाही. म्हणून अशा जोडप्यांनी नवऱ्याच्या बदल्या गृहीत धरून घर बायकोच्या नोकरीभोवती बांधावं, हे शहाणपणाचं. तिचा पगार लहान असला तरी तो जागेवर आहे. आता जिल्ह्यातल्या मुलीही अग्निवीर, बीएसएफ, सीआरपीएफमध्ये जात आहेत. तिथे मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला सैनिकांना अधिकाऱ्यांसारखीच बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मंजूर झाली, हे मोठं पाऊल आहे.

बाहेरच्या देशांत काय चालतं ते पाहिलं तर दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. अमेरिकेत फौजी कुटुंब दर दोन-चार वर्षांनी सगळं बिऱ्हाड घेऊन हलतं. तिथल्या पन्नासही राज्यांनी सैनिकांच्या मुलांबाबत एक सामायिक करार स्वीकारला आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाचे विषय, गुण, प्रवेशवय यांवरून त्याला मागे ठेवायचं नाही. भटिंड्याहून मेहकरला येणाऱ्या पोराला नेमकं हेच हवं आहे. इतक्या बदल्या खरंच लागतात का, असा प्रश्न तिथल्या संरक्षण खात्यालाही पडला आणि २०२५ मध्ये ऐच्छिक स्वरूपाच्या बदल्यांवरचा खर्च टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचे आदेश निघाले. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकाचं मूल शिकत असलेल्या शाळेला त्या मुलामागे जादा निधी मिळतो. आपल्याकडे निधीची गोष्ट दूरची, पण शाळेच्या ऑनलाइन नोंदीत पालक सैन्यात किंवा केंद्रीय दलात आहे का, असा एक रकाना सगळीकडे भरला गेला तरी पुष्कळ होईल. बुलढाणा जिल्ह्यात अशी मुलं किती, कोणत्या तालुक्यात, किती वेळा शाळा बदललेली, हे समोर आलं की जोडवर्ग कुठे काढायचे ते आपोआप ठरेल.

सीआरपीएफ, बीएसएफच्या घरांचा उल्लेख राहून जातो, म्हणून सांगतो. बदल्यांचा त्रास तिथे सैन्याइतकाच, पुष्कळदा जास्त. कंपनी निवडणुकीला एका राज्यात, यात्रेला दुसऱ्या राज्यात आणि बंदोबस्ताला तिसऱ्या राज्यात फिरते, त्यामुळे कुटुंब सोबत नेण्याचा प्रश्नच येत नाही. या दलांतल्या प्रत्येकाला वर्षाचे शंभर दिवस घरच्यांसोबत मिळावेत असं गृहमंत्र्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. ते पूर्णपणे अमलात उतरायला हवं. पुलवामाला ज्या ताफ्यावर हल्ला झाला, त्यात सुट्टी संपवून कामावर परतणारे कितीतरी जण होते.

आणि आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये योजना आली, त्यानंतर जिल्ह्यातली पोरं छत्रपती संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे नाव नोंदवतात ती चार वर्षांच्या करारासाठी. भरतीला अविवाहित असण्याची अट. वर्षाला तीस दिवस रजा. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवा निधीत. चौथ्या वर्षी चाळीस हजार. शेवटी सरकारचा वाटा धरून दहा लाखांच्या वर रक्कम आणि त्यावरचं व्याज. या घरांत आखणीचा प्रश्न पूर्णपणे बदलला आहे. बदली कुठे होईल याची चिंता मागे पडली. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होणार, त्यात आपला आहे का, ही चिंता पुढे आली. मुलीकडचे थेट विचारतात, कायम झाला का? म्हणून लग्न लांबतं, लग्न लांबलं म्हणून घराचं बांधकाम थांबतं, आणि धाकट्या भावाचंही अडतं. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, तिची चार वर्षं २०२६-२७ च्या सांध्यावर पुरी होतात. परत येणाऱ्यांसाठी केंद्रीय दलांत दहा टक्के आरक्षण २०२२ मध्येच जाहीर झालं होतं. ज्या घरांनी सेवा निधीच्या रकमेवर आधीच ट्रॅक्टर बुक केला किंवा प्लॉटचा सौदा केला, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तो विसार परत घेता येत असेल तर घ्यावा. ती रक्कम मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी, किंवा केंद्रीय दलाच्या, पोलीस भरतीच्या तयारीच्या दीड-दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावी. आणि पहिल्या सुट्टीत मुलाने बारावीनंतरच्या प्रवेशाची, सेवेतल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांची फाइल स्वतःच्या हाताने लावून आईकडे द्यावी, कारण कायम झाला किंवा नाही झाला, त्या कपाटाची किल्ली पुढची वर्षं तिच्याकडेच राहणार आहे.